पाव नंबरचा फरक

काकाच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन कोणी आमच्या चष्म्याच्या दुकानात आलं, की बाबा ती चिठ्ठी आधी दिव्याखाली धरायचे आणि विचारायचे, "दोन मिनिटं आहेत ना?" माणूस बिचारा हो म्हणायचा. मग त्याला स्टुलावर बसवून, तपासणीची जड फ्रेम त्याच्या नाकावर चढवून बाबा सगळा नंबर पुन्हा काढायचे. काच घालायची, काच काढायची, "आता बरं की मगाशी बरं?" असं विचारत राहायचं. दोन मिनिटांची वीस व्हायची. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरच्या चिठ्ठीला ही वागणूक नव्हती. ती मुकाट्याने काच कापायला जायची. हा मान फक्त धाकट्या भावाचा.

मी अकरा वर्षं बाबांबरोबर दुकानात काम करते आहे. एवढ्या वर्षांत त्यांना काकाच्या नंबरात दोनदा चूक सापडली, दोन्ही वेळा पाव नंबरची. एकाच माणसाचा डोळा सकाळी आणि संध्याकाळी तेवढा फरक दाखवू शकतो, हे मला बाबांनीच शिकवलं होतं. पण त्या दोन्ही दिवशी ते घरी आले ते शीळ घालत. आईने विचारलं, "काय झालं एवढं?" "कुठे काय," असं म्हणून ते दोन घास जास्त जेवले.

दुखणं जुनं होतं. दोघा भावांनी डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा दिली होती. बाबांचं नाव यादीत आलं नाही. दोन वर्षांनी काकाचं आलं. बाबा एका चष्मेवाल्याच्या हाताखाली काम शिकले आणि पुढे स्वतःचं दुकान काढलं. काचेची कड ते अशी घासतात की फ्रेममध्ये बसवताना दाबावी लागत नाही. लोक लांबून येतात त्यांच्याकडे. यात रडण्यासारखं काहीच नव्हतं. पण पुढे काका डोळ्यांचा डॉक्टर झाला आणि बाबांचं डोकं फिरलं. "शरीरात एवढे अवयव आहेत," ते आईला म्हणायचे, "याला नेमके डोळेच सापडले."

काका पेशंट आमच्याकडे पाठवायचा, ते बाबांना उपकार वाटायचे. पाठवले नसते तर अपमान वाटला असता. बिचाऱ्या काकाची कुठूनही सुटका नव्हती.

तुलना करायला बाबांना काहीही पुरायचं. काकाच्या गॅलरीतल्या कुंड्या, काकाच्या घरी येणारे पाहुणे, काकाची झोप. काकाला टक्कल पडायला लागलं त्या महिन्यात बाबांनी स्वतःसाठी नवा कंगवा आणला. यावर आई आणि मी पोट धरून हसलो होतो. पण सगळंच हसण्यासारखं नव्हतं. माझा चुलत भाऊ माझ्याच वर्गात होता. त्याचा निकाल कळेपर्यंत माझ्या निकालाला घरात काही अर्थ नसायचा. चांगले गुण मिळाले म्हणून मी नाचत घरी यायचे, आणि बाबा विचारायचे, "त्याला किती?" शर्यत त्यांची होती आणि धावायचं मी. मला त्याचा फार राग यायचा. खरं सांगायचं तर अजूनही कधीकधी येतो, आणि बाबा मनाने किती चांगले आहेत हे त्या रागाला सांगून पटत नाही.

एका बाबतीत मात्र बाबा सरस होते. जवळचं वाचायला दोघांनाही चष्मा लागायचा, पण लांबचा नंबर काकाला होता आणि बाबांना नव्हता. हे जगाला नाही तर निदान मला तरी रोज कळावं, अशी त्यांनी सोय केली होती. सकाळी दुकान उघडलं की ते अक्षरांच्या तक्त्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला उभे राहायचे, उजव्या डोळ्यावर हात ठेवायचे आणि वरपासून तळापर्यंत सगळ्या ओळी खणखणीत आवाजात वाचायचे. मग डावा डोळा झाकून पुन्हा. दोन्ही वेळा शेवटची ओळ संपली की माझ्याकडे वळून म्हणायचे, "बघ." वय वर्षं एकसष्ट.

मागच्या वर्षी काउंटरच्या डाव्या कडेला ठेवलेला फ्रेमचा ट्रे त्यांच्या हाताचा धक्का लागून पडला. महिनाभरात तीनदा पडला. दर वेळी बोलणी मी खाल्ली, मी ट्रे कुठेही ठेवते म्हणून. घरी त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटायचा. आई म्हणाली, "एकदा भाऊजींना डोळे दाखवून या."

"काय दाखवू? रोज तळाची ओळ वाचतोय मी."

ते खोटं बोलत नव्हते. वाचत होतेच ते.

तक्ता पिवळा पडला होता, त्याचा खालचा कोपरा फाटला होता. फ्रेमच्या कंपनीचा विक्रेता एकदा नवा तक्ता देऊन गेला. एके संध्याकाळी बाबा पुढे घरी गेल्यावर मी जुना काढून तो लावून टाकला. सांगायचं राहून गेलं. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

सकाळी बाबा आले, आपल्या जागेवर उभे राहिले, उजवा डोळा झाकला आणि सुरू झाले. मी त्यांच्या मागे काच पुसत होते. दोन्ही तक्त्यांवर वरचं मोठं अक्षर एकच होतं. त्याच्या खालची सगळी वेगळी होती. बाबा पाढे म्हणावेत तशा लयीत एकेक ओळ उतरत होते, आणि त्या पहिल्या अक्षरानंतर ते जे वाचत होते त्यातलं काहीच भिंतीवर नव्हतं. माझ्या हातातलं फडकं काचेवर तसंच राहिलं. त्यांनी तळाची ओळ संपवली आणि माझ्याकडे वळले. "बघ," म्हणाले.

"बाबा, तक्ता नवा आहे. काल मी बदलला."

त्यांनी हात खाली घेतला आणि दोन्ही डोळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग पुन्हा उजवा डोळा झाकला. या वेळी आवाज आला नाही. मी पेशंटला विचारते तसं विचारलं, "दुसरी ओळ?"

"आहे काहीतरी."

"तिसरी?"

बाबा पेशंटच्या स्टुलावर जाऊन बसले. तक्ता त्यांना पाठ होता. चाळीस वर्षं तोच तक्ता लोकांकडून वाचून घेतल्यावर पाठ होणारच. त्यांचा डावा डोळा केव्हापासून बघायचा थांबला होता आणि केव्हापासून नुसतं तोंडच वाचत होतं, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

त्यानंतरचे चार दिवस मी कधी विसरणार नाही. डोळ्यात काहीतरी गंभीर आहे हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. रोजचा दिवस महत्त्वाचा आहे हेही कळत होतं. तरी ते पुढच्या शहरातल्या कुठल्याशा डॉक्टरच्या वेळा विचारत बसले होते. त्या डॉक्टरला तीन आठवडे वेळ नव्हता. चौथ्या दिवशी माझा संयम सुटला.

"काकाचा दवाखाना चार रस्ते पलीकडे आहे, बाबा."

"त्याला कळेल."

"काय कळेल?"

"मला कळलं नाही, हे." ते हातातली काच उगाचच पुसत होते. "जन्मभर लोकांचे डोळे तपासतोय आणि स्वतःचा गेला तो समजला नाही. तो काही बोलणार नाही गं. नुसता बघेल माझ्याकडे."

"मग डोळा गेला तरी चालेल, पण काकासमोर मान खाली नको. असंच ना?"

बापाशी बोलायची ही रीत नव्हे, हे मलाही कळतं. पण मला त्याचा पश्चात्ताप नाही. बाबांनी हातातली काच खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानाच्या वाटेवर दवाखान्याकडे वळले, आणि मीही मागोमाग आत गेले.

काकाने त्यांना रांगेत बसू दिलं नाही. थेंब घातले, डोळ्यातलं प्रेशर मोजलं, मग एका यंत्रासमोर बसवून दृष्टी किती रुंद उरली आहे ते तपासलं. त्या यंत्रात हनुवटी टेकवून समोर बघायचं, कडेला कुठेही बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. उजेड चमकूनही बटण दाबलं गेलं नाही, तर कागदावर तेवढी जागा काळी उमटते. बाबांच्या डाव्या डोळ्याचा कागद जवळजवळ सगळा काळा आला. उजव्याच्या एका कडेला डाग होता.

"काचबिंदू आहे, दादा," काका म्हणाला. "डाव्याचं गेलेलं परत येणार नाही. उजवा आपण टिकवू, रोज न चुकता थेंब घालायचे." मग तो एकदम चिडला. "पाच-सहा वर्षं तरी हे चाललंय. मी इथे बसलोय आणि तू तिथे. एकदाही यावंसं वाटलं नाही तुला?"

"तुझ्या खुर्चीत बसायचं नव्हतं मला."

"का?"

आणि बाबांनी सांगितलं. प्रवेश परीक्षेपासून कंगव्यापर्यंत सगळं, क्रमवार, एखाद्याने खिसे उलटे करून दाखवावेत तसं. पुन्हा तपासलेल्या चिठ्ठ्या सांगितल्या, त्या पाव नंबरच्या दोन चुकाही सांगितल्या. तारखा त्यांच्या लक्षात होत्या. काका तोंड उघडं ठेवून ऐकत होता.

"आपण खेळतोय हे मला कोणीतरी सांगायचं होतं," तो शेवटी म्हणाला. "मी आपला माझं काम करत बसलो."

बाबा हसले नाहीत. घरी जाताना रस्त्यात मला म्हणाले, "त्याला माहीतच नव्हतं." मग बऱ्याच वेळाने पुन्हा तेच म्हणाले. त्या दिवशी मला त्यांची जेवढी कीव आली तेवढी त्यांचा तो काळा कागद बघूनही आली नव्हती. एवढी मोठी लढाई त्यांनी एकट्याने लढली होती, आणि जखमही एकट्यानेच झेलली होती.

यानंतर बाबा सुधारले असं मी लिहिलं तर आई मला हसेल. महिन्याने प्रेशर दाखवायला गेलो, तर बाकावर शेजारी बसलेल्या गृहस्थांना त्यांनी पाच मिनिटांत बोलतं केलं. "यांचं बावीस आहे," माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "माझं सोळा." प्रेशर जितकं कमी तितकं बरं. मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "सवय आहे गं," ते म्हणाले. "उफाळली की ओळखू यायला लागली आहे, एवढंच." तेवढंही थोडं नव्हतं.

आत गेल्यावर काकाच्या हाताखालची डॉक्टर त्यांचा कागद भरत होती. तिने विचारलं, "घरात आणखी कोणाला काचबिंदू आहे? हे घराण्यात उतरतं. सख्ख्या भावंडांनी तर तपासून घ्यायलाच हवं."

बाबांनी काकाकडे पाहिलं. "तू तुझे डोळे तपासलेस?"

"बघू, सवडीने."

"केव्हा तपासले होतेस?"

काका फाइल चाळायला लागला. त्याची डॉक्टर जमिनीकडे बघत राहिली. चष्म्याचा नंबर काढण्यापलीकडे त्याने स्वतःच्या डोळ्यांकडे कधी पाहिलं नव्हतं. पेशंटना मात्र तो दर वर्षी या म्हणून रागवायचा.

"ऊठ," बाबा म्हणाले.

"दादा, बाहेर वीस पेशंट बसलेत."

"बसू देत. ऊठ तिथून."

तो आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. थोरल्या भावाचा आवाज होता तो, आणि काका निमूटपणे उठून यंत्रासमोर जाऊन बसला. डॉक्टरने दिवा मालवला आणि त्याच्या एका डोळ्यावर पट्टी लावली. बटणाचा टिक असा बारीक आवाज सुरू झाला.

बाबा भिंतीला पाठ लावून उभे होते. यंत्र मुद्दाम अगदी फिके ठिपकेही दाखवतं, ते कोणालाच दिसत नाहीत, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी मध्ये थोडा वेळ टिक आलं नाही की ते माझं मनगट दाबायचे. पुन्हा आवाज आला की पकड सैल व्हायची. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी एकदा इतका वेळ शांतता पसरली, की त्यांची नखं माझ्या हातात रुतली. "माझ्यासारखं नको," ते पुटपुटत होते. "याचं माझ्यासारखं नको."

दिवा लागला. डॉक्टरने कागद ओढून घेतला, खालीवर पाहिला आणि म्हणाली, "स्वच्छ आहे, सर. दोन्ही."

बाबांनी तिच्या हातातून तो जवळजवळ हिसकावलाच. टेबलावर त्यांची फाइल उघडी होती. तिच्यातला स्वतःचा काळा कागद काढून त्यांनी काकाच्या कागदाशेजारी ठेवला आणि मान तिरकी करून, उरलेल्या डोळ्याने, दोन्हीवरून सावकाश नजर फिरवली. काका उठून त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला होता.

"तुझे माझ्यापेक्षा चांगले आहेत रे," बाबा म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि इतके खूश झालेले बाबा मी माझ्या कुठल्याच निकालाच्या दिवशी पाहिले नव्हते.