बोटीच्या तारखेचा वाढदिवस

ये, अशी जवळ येऊन बस, असं म्हणणार होते, पण बसायला तू आहेस कुठे? सेम्बावांगला लेकीकडे राहायला गेलीस ती जणू साता समुद्रापलीकडे गेलीस. अगं, एमआरटीच्या गाडीत बसलं की तासाभराचा रस्ता! गुडघे दुखतात म्हणे. माझे काय नाचतात का? नातवाच्या वाढदिवसाला जेवायला ये म्हणून तीनदा फोन केला, तर म्हणालीस, घरातलीच माणसं असतील, मी कशाला. आता त्या दिवशी काय झालं ते सगळं लिहून सांगावं लागतंय. तुझ्याशिवाय कळायचं कुणाला? आपल्या दोघींचे नवरे बोटीवर, आणि आपण दोघी बोटीच्या तारखांवर. त्यात जन्म गेला.

तर ऐक. माझ्या नातवाला पंचविसावं पूर्ण होणार होतं शनिवारी, आणि मी जेवण ठेवलं त्याच्या आधीच्या रविवारी. का, ते मला आणि त्यालाच माहीत. शनिवारी तो इथे नसणारच होता. बुधवारी त्याची बोट. इंजिनिअर म्हणून सही करून मोकळा झाला होता पठ्ठ्या, आणि आपल्या बापाला त्यातलं अक्षर सांगितलं नव्हतं.

बापाला म्हणजे माझ्या मुलाला. त्याचा बोटीवर किती राग ते तू पाहिलंयस. पोराने शिक्षणही त्यातलंच घेतलं तेव्हाच कुरबुर झाली होती. मग हार्बरफ्रंटला ऑफिसात नोकरी लागली, टेबल-खुर्चीची, तेव्हा मुलाचा जीव भांड्यात पडला. आणि चार महिन्यांपूर्वी पोरगा म्हणाला, मला ऑफिसात बसायचं नाही, मला इंजिनरूममध्ये जायचंय. झालं! त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. पोरगा मित्रांबरोबर खोली घेऊन राहायला गेला. घरी यायचा तो बाप ऑफिसात असताना, माझ्या हातचं जेवायचा आणि डबा भरून न्यायचा. मला म्हणाला, "आजी, जायच्या आधी बाबाला तूच सांग ना. यू कॅन लाह."

मी म्हटलं, "तुझी ही इथली लाह राहू दे तुझ्यापाशी. तोंडाने तूच सांगायचंस, माझ्यासमोर, जेवायला बसून. तसाच निघून गेलास तर सहा महिने त्या पाण्यावर तुला ते टोचत राहील, आणि इथे त्याला."

म्हणून ते जेवण. आता मुलाला काय सांगायचं, की वाढदिवस आठवडाभर आधी का? गुरुवारी सकाळी तो बूट घालत होता, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, रविवारी त्याची तिथी आहे. तिथीनेच करू या या वर्षी."

तो "बरं" म्हणाला आणि गेला. मला वाटलं, जमलं.

रविवारी पहाटेपासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पुरण शिजायला टाकलं आणि खिडकीशी गेले. परत आले, ढवळलं, परत खिडकीशी. खिडकीतून काय दिसतं? समोरचा ब्लॉक आणि खाली गाड्या. तरी बघत होते. लिफ्टची घंटा वाजली की दाराशी जात होते. पोरगा संध्याकाळी सातला येणार आणि मी सकाळी दहाला दाराशी! सून म्हणाली, "आई, तुम्ही जरा बसा बरं." बसले, तर पाच मिनिटांत उठले. तेवढ्यात पुरण तळाला लागलं. पन्नास वर्षं पुरण घाटतेय मी, कधी लागलं नव्हतं. वरचं वरचं काढून घेतलं आणि जायफळ जास्त घातलं. सुनेने वास घेतला आणि बिचारीने मुकाट कणीक पुढे ओढली.

मुलगा हॉलमध्ये पेपर वाचत होता म्हणजे एकच पान धरून बसला होता. मध्येच विचारलं, "कुणाकुणाला बोलावलंयस?"

"आपणच. चौघं."

"येणार आहे का तो?"

"त्याचाच वाढदिवस आहे, न येऊन सांगतो कुणाला?"

पोरगा बरोबर सातला आला. केस अगदी बारीक कापलेले. ते केस बघूनच मुलाला कळेल असं मला वाटलं. मुलाने एकदा वर पाहिलं आणि परत पेपरात. पोराने आईला मिठी मारली, माझ्या पाया पडला, बापासमोर दोन पावलं थांबला आणि हात धुवायला निघून गेला.

मी पाट मांडला, रांगोळीची दोन बोटं ओढली. तबकात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता, सगळं होतं. काडेपेटी तेवढी नव्हती. सून म्हणाली, लायटर आणते. मी म्हटलं, "निरांजन लायटरने? स्वयंपाकघरात दारामागे फळीवर आहे बघ काडेपेटी." ती पोळ्या झाकत होती, म्हणून मुलगा उठला. आणि मी त्याला जाऊ दिलं. तिथे माझं चुकलं. कारण दारामागे फळी आहे आणि फळीच्या वर भिंतीवर आपलं पुण्याहून येणारं कॅलेंडर आहे.

काडेपेटी आणायला किती वेळ लागतो? तो येईचना. मग आतून आवाज, अगदी शांत, "आई, आज अमावस्या आहे."

अगं, मला घाम फुटला! रोज सकाळी चहाच्या आधी त्या कॅलेंडरकडे बघणारी मी. चार दिवस पोराच्या नादात मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं.

तो काडेपेटी घेऊन दारात उभा राहिला. "हा नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीचा. दवाखान्यातून तुला फोन मीच केला होता. तिथी यायला अजून आठवडा आहे."

मी म्हटलं, "दिव्याची अमावस्या आहे. आज मुलांना ओवाळतातच. लहानपणी तुला नाही ओवाळलं?"

म्हटलं खरं, पण माझी चोरी पकडली गेली होती. आणि तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही गं. राग असता तर मला पेलला असता.

"मला पण असंच सांगायचीस," तो म्हणाला. "बाबांची बोट लागली की त्या दिवशी माझी तिथी असायची. एकदा फेब्रुवारीत, एकदा दिवाळीच्या आसपास. माझा वाढदिवस जूनमधला. चौथीत असताना मी कॅलेंडर वाचायला शिकलो, तेव्हा कळलं मला."

मला माहीतच नव्हतं की त्याला माहीत आहे! इतकी वर्षं, बघ. मला वाटायचं, किती हुशारीने निभावून नेलं. बाप नसताना पोराचा वाढदिवस करणं जिवावर यायचं, म्हणून असं करत होते. तारखेला मात्र तो शाळेतून यायचा आणि दप्तर ठेवून नुसता बसायचा. मी विचारायचेही नाही, काय झालं म्हणून.

सुनेला काही समजेना. ती एकदा माझ्याकडे, एकदा नवऱ्याकडे बघत होती. पोरगा पाटावर बसून होता, कपाळाला कुंकू नाही अजून. मुलगा त्याच्याकडे वळला. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"कधी आहे बोट?"

"बुधवारी."

"किती महिने?"

"सहा. सात पण होतील." मग पोरगा म्हणाला, "बाबा, मीच सांगणार होतो. आज जेवताना. आजी सेड मस्ट." घाबरला की त्याचं मराठी असं पळून जातं.

मुलगा खाली वाकला, काडी ओढली, निरांजन लावलं. पहिली काडी विझली, पंख्याची हवा. दुसरी हाताच्या आडोशाने लावली. मग मला म्हणाला, "ओवाळ. वात विझेल."

मी कुंकू लावलं आणि ओवाळलं. सुनेचे डोळे भरून आले होते. तिलाही बुधवारचं तेव्हाच कळलेलं. ती पोराला म्हणाली, "मला तरी सांगायचंस रे," आणि अक्षता जरा जोरातच टाकल्या त्याच्या डोक्यावर.

जेवायला बसलो. नुसते वाट्यांचे आवाज. मी उगाच तूप वाढत सुटले. शेवटी मुलानेच पोळीचा तुकडा मोडत विचारलं, "पुरण लागलंय का गं?"

"थोडंसं."

"थोडंसं?" पोरगा म्हणाला. "आजी, मला वाटलं स्मोक्ड फ्लेवर केलंयस." मुलगा हसला नाही, पण दुसरी पोळी घेतली. मग पोराकडे न बघता म्हणाला, "इंजिनरूममध्ये कान झाकून घ्यायचे. तुझे आजोबा घ्यायचे नाहीत. शेवटी शेवटी मी हाका मारायचो, त्यांना ऐकू यायच्या नाहीत."

"घेईन."

एवढंच बोलणं. मिठ्या नाहीत की काही नाही. बुधवारी पोराला सोडायला सून गेली. मुलगा नेहमीसारखा रॅफल्स प्लेसला ऑफिसला गेला. मला वाटलं होतं, जाईल. नाही गेला. मी दिवसभर घरात येरझारा घातल्या. कुणाला दोष देऊ?

शनिवार उजाडला, खरी तारीख. मी निरांजन लावून देवापाशी ठेवलं, पण बसवेना. एकदा वाटे पोराला फोन लावावा, एकदा वाटे तिथे रेंज नसेल. तेवढ्यात मुलगा स्वयंपाकघरात आला. दारामागे उभा राहून कॅलेंडरची पानं उलटत होता. डिसेंबरपर्यंत गेला, पुढे भिंतच. आणि मला म्हणाला, "पुढच्या वर्षीचं कॅलेंडर पुण्याहून कधी येतं गं?"

"दिवाळीनंतर. का रे?"

"काही नाही. फेब्रुवारी बघायचा होता. तो आला की करू परत. तू तिथी सांग, मी ऐकीन."

मी चहाचं आधण ठेवलं आणि साखर दोनदा घातली.

पण तू बाई फेब्रुवारीची वाट बघू नकोस. तेव्हा येशीलच, तुला बोलावल्याशिवाय काही पोरगा पाटावर बसणार नाही. पण तोवर सहा महिने मला या घरात एकटीला बोटीची वाट बघवत नाही. त्याची सवय गेलीय गं माझी. या मंगळवारी ये, नाहीतर बुधवारी. लेकीला म्हणावं, गाडीत बसवून दे, इकडे स्टेशनवर मी उभी असेन. दोघी मिळून बघू वाट, पूर्वीसारखी. ये लवकर.