खांब्याने बांधलेलं आमचं घर

खांब्याचं कोऱ्या भिंतीवर प्रेम होतं. लोक देवळापुढे थांबतात तसा तो ताज्या गिलाव्याच्या भिंतीपुढे थांबायचा, आणि तिच्यावर कोणी काही चिकटवायची भाषा केली की त्याचा चेहरा उतरायचा. आम्ही दोघे एकाच वर्षी आर्किटेक्ट झालो. विरारमध्ये माझ्या इमारती पुष्कळ, त्याच्या मोजक्या. माझ्या इमारतींना घुमट, कमानी, गेटवर सोनेरी सिंह. त्याच्या नुसत्या पांढऱ्या, खांबांवर उभ्या आणि खालून मोकळ्या. त्यावरूनच बिल्डर लोक त्याला खांब्या म्हणू लागले. मला कोणी टोपणनाव ठेवलं नाही, आणि हेसुद्धा मला खटकलं होतं.

तो विरारच्याच मनवेलपाड्यात, चाळीत वाढलेला, वडील कोकणातून नोकरीसाठी आलेले. शंभर वर्षांपूर्वी युरोपात ज्या मंडळींनी घरांवरची नक्षी पुसून टाकली, त्यांच्याबद्दल तो असा बोलायचा की जणू ती त्याच्या चुलत घराण्यातली. "भिंतीने वजन उचलायचे दिवस गेले," तो सांगायचा. "वजन खांब घेतात. आता भिंतीला पाहिजे तिथे उभी राहू दे, खिडकीला पाहिजे तेवढी लांब होऊ दे." मी एकदा म्हटलं, लोकांना नक्षी आवडते, त्याला तू काय करणार? तो म्हणाला, "आमच्या खोलीला एकच खिडकी होती, ती पण जिन्यात उघडायची. ज्याला उजेडच मिळाला नाही, त्याला तू नक्षीचं काय सांगतोस?" मी वसईकडच्या गास गावी, वाडीत वाढलो. माझ्या लहानपणी उजेड भरपूर होता, पण असं एक वाक्य काही माझ्या वाट्याला आलं नाही.

कागदावर रेघ ओढायच्या आधी तो एक घडीची खुर्ची घेऊन प्लॉटवर जायचा आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिथेच बसायचा. ऊन सरकलं की खुर्ची सरकवायची, वारा कुठून येतो ते बघायचं, मधे डबा खायचा. मालकांना वाटायचं, माणसाला काम नाही. मीही एकदा गुपचूप हा प्रयोग करून पाहिला. दुपारपर्यंत डोकं दुखायला लागलं आणि मी ऑफिसात परत येऊन एसी लावला.

घरांवर त्याचं भागत नव्हतं, त्याला शहर मांडायचं होतं. बोळिंजच्या एका मोठ्या जागेसाठी त्याने आराखडा केला होता: उंच इमारती लांब लांब, मधे सगळी हिरवळ, गाड्यांचा रस्ता वेगळा, चालणाऱ्यांचा वेगळा, प्रत्येक खोलीत ऊन. बिल्डरने बोट ठेवून विचारलं, "इधर बीचमें काय आहे?"

"काही नाही," खांब्या म्हणाला.

"काही नाही, तर मग विकू काय?"

काम माझ्याकडे आलं. त्या मधल्या 'काही नाही'त मी आणखी इमारती बसवल्या आणि बिल्डर खूश झाला. पुढे त्याच्या केबिनमध्ये गेलो तर भिंतीवर खांब्याचा आराखडा फ्रेम करून लावलेला. "काय डोकं आहे यार त्या माणसाचं," बिल्डर मला म्हणाला. माझ्या आराखड्यावर त्याच्या मुकादमाने वडापाव ठेवला होता. मी पाहिला.

इथवर सगळं मी गिळलं असतं. पण बाबांनी गासच्या वाडीत नवं घर बांधायचं ठरवलं, तेव्हा मी आठवडाभर जागून चित्र काढलं: पुढे गोल खांब, वर सज्जा, सज्ज्याला कमानी. बाबांनी ते हातात धरून बराच वेळ पाहिलं. आयुष्यभर मोगरा आणि भाजी पिकवलेला माणूस, कागद मातीच्या हातांनी पण जपून धरायचा.

"हॉल चांगला हाय," ते म्हणाले. "लग्न कोनाचं?"

मग माझ्याच तोंडावर म्हणाले, "तुझ्या त्या दोस्ताला बोलव."

खांब्या खुर्ची घेऊन आला. बाबांनी विहिरीजवळ आपलंही स्टूल टाकलं, आणि दोघे दिवसभर उन्हामागे सरकत बसले. काय बोलत होते देव जाणे. माझ्याशी बाबा एवढा वेळ कधी बसले नव्हते. घर झालं ते खांबांवर: खाली मोकळं, वर लांबच लांब खिडकी, सपाट गच्ची. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. "पानी भरलं तरी खालून जानार. आपन वर. आनि जमीन आपलीच, बसून जुड्या बांधा." सकाळी बायका त्याच सावलीत मोगऱ्याचे आणि माठाच्या भाजीचे ढीग लावून बसायच्या. मी त्याच घरात राहायला आलो आणि त्यात खोट शोधू लागलो. सपाट गच्ची वसईच्या पावसात गळणारच, अशी माझी खात्री होती. जुलैत मी टॉर्च घेऊन छत तपासत फिरायचो. गच्चीवर पाणी अडवणारा कोबा त्याने असा काही घालून घेतला होता की थेंब आला नाही.

मग बाबा थकले आणि एक दिवस त्यांनी खाट खाली खांबांमध्ये आणायला लावली. "वारा बरा लागतो, मोगरा दिसतो," म्हणाले. पण मी समजलो. त्यांना जिना चढवत नव्हता. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्या आधी मनात आलं, सापडली खोट! घर वर उचलणाऱ्याने म्हाताऱ्या माणसाचा विचारच केला नव्हता. बाबा शेवटपर्यंत खालीच राहिले आणि तिथूनच गेले.

त्यानंतर खांब्या आजारी पडला. मी भेटायला गेलो. आजारी माणसाला त्याची चूक दाखवू नये हे मलाही कळतं, पण इतक्या वर्षांत एकच हाती लागली होती. मी विषय काढायच्या आत तोच म्हणाला, "तुझ्या घरात माझी एक चूक झाली. जिना. काका म्हातारे होतील हे मी धरलंच नाही."

एकुलती एक चूक, तीही त्याने आधीच आपल्या नावावर करून टाकली.

"मग बोलला का नाहीस?"

"काकांशी बोललो ना. गुडघे धरले तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं होतं. मी जिन्याऐवजी लांब उतार काढून दिला, पण तो मोगऱ्यातून जात होता. म्हणाले, मोगरा र्‍हाऊ दे, मीच खाली र्‍हातो."

"गुडघे कधी धरले?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खाट खाली यायच्या बऱ्याच आधी. तुला सांगू नको म्हणाले. तुझ्यामागे कामं असतात."

महिन्याभरात तो गेला. आता आर्किटेक्चरची मुलं आमचं घर बघायला येतात. मी त्यांना खांब, खिडकी, गच्ची सगळं नीट समजावून सांगतो, आणि ती वह्यांमध्ये त्याचं नाव लिहून घेतात. गेलेल्या माणसाचा हेवा कसला करायचा, असं बायको म्हणते. घराचं तर मी केव्हाच सोडून दिलं. घर चांगलंच आहे. पण बाबांचे गुडघे दुखत होते आणि ते त्यांनी त्याला सांगितलं, हे मला अजून सहन होत नाही.