रिकामी गाडी

कार्तिक पौर्णिमेची सकाळ. कनवटीला नवसाचा सव्वा रुपया. अमरावतीच्या अंबादेवीपुढे आम्ही दोघेच, मी आणि माझी पत्नी. नवस कापसाच्या भावाचा होता, पण पत्नीच्या मनात लेक होती.

आदल्या दिवशी एका गाडीवानाने अकोल्याहून आमच्या गरोदर लेकीचा निरोप आणला होता : "आईले सांगा, मी आजीकडं गेली. तिले तिचा कापूस वेचू द्या." आजी म्हणजे अकोल्याची, पत्नीची आई. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत. पण दूर अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला, आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, आणि वेचणीच्या घाईत पत्नीने लेकीला आणलेच नाही. हीच लेक पोटात असताना पत्नीच्या आईनेही तिला वेचणीपायी माहेरी नेले नव्हते. तेव्हापासून त्या मायलेकी बोलत नव्हत्या.

अकोल्याला जायचे कसे? रेल्वे अजून आली नव्हती, आणि झाडून साऱ्या गाड्या कापूस वाहत होत्या. तिप्पट भाडे बोलूनही मला एक मिळाली नव्हती.

"माय, शेत तू पाय, मले लेकीजवळ ने," एवढेच पत्नी देवीला म्हणाली.

पायऱ्या उतरलो तर समोर रिकामी गाडी. एक म्हातारे पिंजारी चाचा बैल जुंपत होते.

"अकोल्याले चाललो. बसा."

"रिकामेच?" मी विचारले.

"लेकीले बाळासकट सासरी पोचवलं, भाऊ. तिच्या जागी कापूस भराले दिल नाही झाला."

अकोल्यात माझ्या सासूबाई दारातच उभ्या होत्या. "कावं, सरला कापूस?"

"नाही. शेतात टाकून आली. तुयापेक्षा तेवढी शहाणी आहो."

सासूबाई आधी हसल्या, मग डोळ्यांना पदर लावला. लेक आत भिंतीकडे तोंड करून निजली होती. शेजारी ओटीचा नारळ तसाच ठेवलेला. "मायनंच भरावी म्हणून म्या हात नाही लावला," सासूबाई म्हणाल्या. पत्नीने लेकीची ओटी भरली. मग सासूबाईंनी पत्नीला पाटावर बसवून तिची, इतकी वर्षे राहिलेली, ओटी भरली. लेक तोंड वळवून पाहत होती. "आजी, माह्या आईले हळद जास्त लाव," ती म्हणाली, आणि तिघी रडल्या.

त्या साली आमचा निम्मा कापूस गळून मातीत गेला. तरी ते साल आठवले की मन भरून येते. मी हिशेब सोडला आणि देवीआईने तो हाती घेतला, एवढेच मला कळते.

चाचांनी भाडे घेतले नाही. "नातवंडाच्या हाती द्या," म्हणाले. लेकीला मुलगी झाली. देवीपुढे ठेवायचा राहिलेला सव्वा रुपया तिच्या इवल्या मुठीत दिला.