गोठ्यातलं विष आणि माझी पिल्लं

मैत्रिणींनो, काल घुशीने गोठ्यातून कोंबडीचं एक पिल्लू ओढून नेलं. म्हणून आज सकाळी पुतण्याने मला न विचारताच तिथे विष कालवलेला भात ठेवला. मी पिल्लांवरचं बांबूचं डालगं उचललं, तर कोंबडी सगळ्यांना घेऊन थेट त्या भातावर!

मी ओरडत धावले.

"काऊन ओरडता काकू? घुशीसाठी ठेवलो."

"मग पिल्लांना तसं सांगितलंस का, शहाण्या?"

भात उचलून पुरला. पण कोणी किती टिपला, कसं कळणार? तेव्हापासून मी डालग्याजवळच बसले आहे. एक पिल्लू डोळे मिटून उभं आहे. झोपलंय, असं मी स्वतःला सांगते आहे.

हात जोडलेले इमोजी नकोत. विष उतरवायचा उपाय कोणाला माहीत असेल, तर आत्ताच लिहा.