हेरसाहेबांच्या प्रेयसींना जीवदान

माझ्या सासऱ्यांना मराठी वाचता येत नाही, असं मी नांदेडला माहेरी सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही. घरात मराठी, आरत्या मराठी, भांडणं मराठी, आणि वाचता येत नाही म्हणजे काय? पण हैदराबादेतल्या जुन्या घरांतून यात नवल असं काही नव्हतं. मामंजींची शाळा उर्दू आणि कोर्टातलं कामकाजही उर्दूच. त्यांचं उर्दू अक्षर तर बघत राहावं असं होतं. मराठी मात्र दुकानांच्या पाट्यांपुरतं, तेही अक्षराला अक्षर जोडत.

ते मुन्सिफ कोर्टात पेशकार होते. न्यायाधीशांसमोर मिसल, म्हणजे खटल्याची फाईल, उघडायची आणि तिच्यात जे लिहिलं असेल ते मोठ्यानं वाचून दाखवायचं, हे त्यांचं जन्मभराचं काम. "पेशकार कागदात काही घालत नाही अन् कागदातून काही काढत नाही," हे वाक्य लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी तीनदा ऐकलं. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या, त्यामुळे ऐकायला घरात मीच होते.

तरुणपणी त्यांना उर्दू जासूसी कादंबऱ्यांचा भारी नाद. आता तो बारीक छाप डोळ्यांना झेपेना. मग मराठी शाळेत शिकलेली सून कामाला लागली. गौलीगुड्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, दुपारच्या चहानंतर, रोज तासभर वाचन. गल्लीच्या टोकाला मराठी मंडळींचं वाचनालय होतं, तिथून मी एका हेराच्या पुस्तकांची अख्खी मालिका एकामागून एक आणली. त्याला आम्ही हेरसाहेब म्हणायचो.

हेरसाहेब शूर होते, देखणे होते, आणि त्यांच्या प्रेमात पडलेली बाई हमखास मरायची. पहिल्या पुस्तकात नर्स होती, ती त्यांच्यासाठी ठेवलेलं विषारी सरबत प्याली. दुसऱ्यातली वैमानिक विमानासकट समुद्रात गेली. तिसरी फोटोग्राफर होती, तिला कड्यावरून ढकललं. मग हेरसाहेब दीड पान सिगरेट ओढत खिडकीत उभे राहायचे, या हृदयाची दारं आता कायमची बंद, असं म्हणायचे, आणि पुढच्या पुस्तकाच्या विसाव्या पानावर दारात नवी बाई हजर.

"सूनबाई, पाच मौती झाल्या," मामंजी एकदा बोटं मोजत म्हणाले, "अन् दरवेळी मौक्यावर हाच एक माणूस. आमच्या मुन्सिफसाहेबांनी याला केव्हाच आत टाकला असता."

मी हसले खरी, पण मला त्या लेखकाचा मनापासून राग यायचा. मेलेल्या सगळ्या शिकलेल्या, कमावत्या बायका होत्या. हेरसाहेबांची घरात बसून स्वेटर विणणारी बहीण तेवढी प्रत्येक पुस्तकात ठणठणीत.

ते दिवस नव्या आर्थिक धोरणांचे होते. गच्चीगच्चीवर टीव्हीच्या छत्र्या उगवत होत्या, कोपऱ्याकोपऱ्यावर फोनचे बूथ, आणि दुकानदारांच्या पट्ट्याला पेजर लटकायला लागले होते. आबिड्सला एक नवी पेजर कंपनी निघाली, तिला गिऱ्हाइकांचे निरोप फोनवर उतरवून घेणाऱ्या बायका हव्या होत्या. माझं बी. कॉम. झालेलं, टायपिंगची परीक्षा दिलेली, तेलुगू भाजीवालीकडून शिकलेलं, दख्खनी शेजारणीकडून. मी कुणाला न सांगता अर्ज केला, मुलाखत दिली, आणि नेमणुकीचं इंग्रजी पत्र आलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं, दुपारी बारा ते रात्री आठ.

नवरा म्हणाला, "बाबांना विचार," आणि पेपरात तोंड खुपसून बसला.

मामंजी म्हणाले, "खाजगी? सरकारी नौकरी असती तर मी स्वतः सोडायला आलो असतो. पेन्शन आहे?"

"नाही."

"मग ती नौकरी नव्हे गं, मजुरी. आज शटर वर, उद्या खाली. आपल्या घरात हे कोणी केलं नाही." माझा चेहरा बघून त्यांनी पुस्ती जोडली, "एक तारखेला अजून महिना आहे. बघू. आता वाच."

वाच म्हणे! डोक्यात एक तारीख आणि हातात हेरसाहेब. नेमकं त्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण होतं. त्यातली बाई दुभाषी होती, सात भाषा येणारी, मला सगळ्यांत आवडलेली. मी पान उलटलं, तर हेरसाहेबांवर झाडलेली गोळी बाईंनी आपल्या छातीवर झेललेली. मी थांबले. मग पानावरची नजर न हलवता वाचलं, "गोळी भिंतीत रुतली. दुभाषी उठली, तिनं पदर झटकला आणि म्हणाली, हेरसाहेब, आपलं जमायचं नाही. मला उद्या सकाळी कामावर हजर व्हायचंय."

"शाबास!" मामंजींनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "पहिली बाई निघाली शहाणी!"

वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, तर मग घाबरायचं कशाला? पुढच्या तीन पुस्तकांत मी एकही बाई मरू दिली नाही. एक डॉक्टर आपल्या दवाखान्यात परत गेली. एकीनं हेरसाहेबांना स्टेशनवर उभं करून गाडी पकडली. प्रेम हरपायचंच होतं, तर ते हरपू दे, पण त्यासाठी बाईचा मुडदा कशाला पाडायचा? मामंजींचा जीव दुभाषीवरच जडला होता. "त्यांची काही खबर?" असं ते रोज विचारायचे. मग मी तिला बढती दिली, हाताखाली चार माणसं दिली. महिना असा मजेत चालला होता, पण एक तारीख जवळ येत होती आणि 'बघू'चं उत्तर काही मिळत नव्हतं.

एक तारखेला चार दिवस उरले असताना मामंजी सकाळी वाचनालयात गेले. तिथं पेपरच्या टेबलाशी पेन्शनर मंडळींचा अड्डा असायचा. बोलता बोलता त्यांनी दुभाषीच्या बढतीची गोष्ट काढली. एक निवृत्त मास्तर म्हणाले, ती तर मेली. मामंजी म्हणाले, शर्त लावा. मास्तरांनी कपाटातून पुस्तक काढलं आणि ते शेवटचं पान सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.

मामंजी पुस्तक काखेत मारून घरी आले. मी भाजी निवडत होते. त्यांचा चेहरा बघितला आणि आबिड्सची नोकरी मी मनातल्या मनात सोडून दिली.

"बस. कागदात काय आहे?"

"गोळी छातीत लागते. ती मरते."

"अन् तू काय वाचलंस?"

"गोळी भिंतीत."

"का?"

आता नोकरी गेलीच होती, मग जीभ तरी का आवरायची? "मला राग आला, मामंजी. घराबाहेर पडलेली बाई दिसली की हा लेखक तिला मारतो. बाहेर पडलं की मरणच, असं शंभर वेळा वाचून मला खरं वाटायला लागलं होतं. चार माणसांत तुम्हाला तोंडघशी पाडलं, त्याची माफी मागते. बाईला वाचवलं त्याची नाही."

पेशकाराच्या घरात कागद खोटा वाचला गेला होता, आणि यापेक्षा मोठा गुन्हा त्यांच्या लेखी नव्हता.

"ते कंपनीचं पत्र आण," ते म्हणाले. "वाच. मराठीत सांग. अन् या खेपेला कागदात असेल तेच."

मी वाचायला लागले. पद, वेळ, आठवड्याची सुट्टी. मग तो परिच्छेद आला, जो मी महिनाभर नवऱ्यालासुद्धा सांगितला नव्हता. गोळी भिंतीत घालायची मला आता सवय लागली होती, आणि हे एक वाक्य गाळलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण मी वाचलं. "पहिल्या सहा महिन्यांत कंपनी कधीही, कारण न देता, कामावरून काढू शकेल."

"असं लिहिलंय?"

"असंच लिहिलंय."

"हं." त्यांनी पत्र हातात घेतलं, दिव्याकडे धरून उलटसुलट बघितलं आणि घडी घालून मला परत दिलं. "काढलं तर काढलं. त्यानं माणूस मरतंय का? दुसरीकडं जाशील. फैसला झाला. नवऱ्याला सांग, बाबांना विचारलं म्हणून."

मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबला आणि रडले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

एक तारखेला मी बसनं आबिड्सला गेले. कानाला यंत्र लावून बसले आणि दिवसभर शहराचे निरोप घेतले. माल पोचला, मुलगी झाली, ताबडतोब घरी ये. मलकपेठच्या कुणा साहेबानं मला तीनदा तोच निरोप वाचायला लावला आणि मी तीनदा अक्षर न् अक्षर बरोबर वाचला. आठ वाजता उठले तेव्हा पाठ मोडली होती आणि मी जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरत होते.

घरी पोचले तर पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. आत पाट मांडला होता, पाणी भरून ठेवलं होतं, आणि हातात डाव घेऊन मामंजी ताटाशी उभे होते. त्या घरात पुरुषानं बाईला जेवायला वाढल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं.

"बस," ते म्हणाले. "भुकेजली असशील."

भात कच्चा राहिला होता. मी दोनदा मागून घेतला.