नदीकाठची पोपटी साडी

माझी फजिती ऐकायची असेल तर आधी तो चहा संपवा. मागच्या वेळी एकाच्या नाकातून आला होता. आणि हसायचं तेवढं इथेच हसून घ्या, घरी माझ्या बायकोसमोर विषय काढू नका. ती हा किस्सा माझ्यापेक्षा चांगला सांगते.

कापसाचे दिवस फिरले होते ती वर्षं आठवतात ना? तेव्हा मी नेरला एका जिनिंग कारखान्याच्या वजनकाट्यावर बसायचो, कापसाच्या गाड्या तोलून घ्यायला. भाव असे पडले की गाड्याच येईनात. हंगाम संपायच्या आधी जिनिंगला कुलूप लागायचं. रिकामा माणूस काय करतो? एक तर पत्ते खेळतो, नाहीतर समाजसेवा. मला पत्ते येत नाहीत.

म्हणून मी आणि आमचे शेजारी सलीमभाई मेकॅनिक, दोघांनी नदीकाठी झाडं लावायचं काढलं. पहिल्या पावसाळ्यात निम्मं गाव खड्डे खणायला आलं. करंज लावले, कडुनिंब लावले, जांभळी लावल्या. दिवाळीच्या आत बकऱ्यांनी आणि रोह्यांनी सगळं साफ केलं. रोही म्हणजे नीलगाय. दिसायला गरीब, खायला राक्षस. गाव म्हणू लागलं, "बंडूभाऊनं बकऱ्याईले जेवनावळ घातली." हे मला फार लागलं. दुसऱ्या वर्षी मी भर चौकात सांगून टाकलं, यंदा झाडं जगली नाहीत तर मिशी उतरवीन. आता या मिशीवर माझा किती जीव आहे ते तुम्हाला माहीत आहे.

प्रश्न होता कुंपणाचा. आमच्याकडे शेताला जुन्या साड्यांचं कुंपण करतात. कापड वाऱ्यावर फडफडलं की जनावर बिचकतं. ठरलं, घरटी साडी मागायची आणि प्रत्येक रोपाभोवती काठ्या रोवून गुंडाळायची. सलीमभाईंनी ऑटोला भोंगा बांधला, माईक माझ्या हातात दिला, आणि इथे माझं डोकं चाललं. डोकं चाललं की माझं नेहमी वाटोळं होतं.

मी विचार केला, जुनी साडी कोणती बाई सोडेल? ती गोधडीला लागते, पोराच्या पाळण्याला लागते, शेवटी फरशी पुसायला लागते. मग मी भोंग्यावर ओरडलो, "ज्या साड्या घरात कोनी नेसतच नाही, पेटीच्या तळाशी नुसत्या पडून हायेत, थ्या द्या!" नेसत नाही म्हणजे नको. आहे की नाही बिनतोड?

त्या दिवशी बायका निंदणाला वावरात गेल्या होत्या. घरी फक्त पुरुष. पुरुषांनी काय उदार मनानं दिल्या हो! कोऱ्या करकरीत, घडी न मोडलेल्या. मीही घरी जाऊन बायकोच्या, सुनंदाच्या, पेटीचा तळ रिकामा केला.

इथे बायकांना घाम फुटला असेल. पुरुषांसाठी सांगतो. पेटीच्या तळाशी असतात त्या आहेराच्या साड्या. हिच्याकडून आली, तिला द्यायची. तिच्याकडून आली, तिसरीला. जिनं दिली तिलाच परत जाऊ नये, एवढं सांभाळायचं. पिढ्यान् पिढ्या हा व्यवहार झाकून चालला होता. तो मी नदीकाठी वाऱ्यावर टांगला.

त्यातली एक साडी मला विशेष आवडली. पोपटी रंग, वांगी काठ आणि ताटाएवढाली पिवळी फुलं. म्हटलं, ही दर्शनी पाहिजे. ती मी स्वतःच्या हातानं सगळ्यात पुढच्या करंजाला गुंडाळली.

रविवारी सगळ्या गावाला बघायला बोलावलं. माणसं म्हणाली, वा. मग बायका आल्या. त्या दोन-चार झाडं चालल्या आणि थांबल्या.

"काहून वं रत्ना, हे तं मी तुले नातवाच्या बारशाले देल्ली होती. कडुनिंबाले नेसवली?"

"अन् मी देल्लेली तू कोठी नेसली? थे पाय, जांभळीले हाये."

झालं. जी ती झाडाझाडाला जाऊन आपली साडी ओळखू लागली. सख्ख्या जावा करंजाच्या दोन बाजूंनी एकच पदर ओढून राहिल्या होत्या. सलीमभाई माझ्या कानात म्हणाले, "बंडूभाऊ, मी गाडी चालू करून ठेवतो."

शेवटी सगळ्या त्या पोपटी साडीपाशी जमल्या. ती आमच्या शेजारच्या मंदाताईंच्या पेटीतली निघाली.

"मले रत्नानं देल्ली," मंदाताई म्हणाल्या.

"मी कायले घेतो असली? मले शबानाभाभीनं देल्ली," रत्ना म्हणाली.

शबानाभाभी म्हणजे सलीमभाईंची बायको. त्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "आमच्या घरात आली तशीच गेली. मले सुनंदावहिनीनं देल्ली होती."

सगळ्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. सुनंदा खाली पाहत उभी. मला वाटलं, बरं झालं, आता मुळाशी पोचलो. मूळ सापडलं की भांडण मिटतं. शिवाय गावाची मर्जी सांभाळायची होती. म्हणून मी, ज्याला ती साडी मनापासून आवडली होती, तो मी, मिशीवर ताव देऊन मोठ्यानं म्हणालो, "सांगून टाक, सुनंदा. असली साडी पैसे देऊन इकत घेनारा मानूस हाये तरी कोन? गावाले पाहू दे एकडाव."

सुनंदा म्हणाली, "तुमी."

"मी?"

"लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीले यवतमाळहून आनली होती. एक डाव नेसली म्या. मामाचा बैल बुजला, बंडी नालीत गेली."

सलीमभाई तिथेच खाली बसले. जावांनी पदर सोडला. ज्या बायका एकमेकींचे केस उपटायला निघाल्या होत्या, त्या एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या. गावात एकी करायची तर काय करावं लागतं पाहा.

पण हसून झाल्यावर प्रत्येकीनं आपापली साडी सोडली आणि घरची वाट धरली. झाडं उघडी पडली. पलीकडच्या काठावर बकऱ्या पाणी पीत होत्या. पीत कसल्या, वाट पाहत होत्या. मी मिशीला हात लावून बघितला. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मंदाताई मागे फिरल्या. "बंडूभाऊ, झाडं आमी राखतो. पन साड्या कोनत्या द्यायच्या थे आमी ठरवू. तुमी बोलायचं नाही."

संध्याकाळपर्यंत काठावर विटलेल्या, फाटलेल्या, गोधडीसाठी राखून ठेवलेल्या साड्या लागल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बाई सकाळी कळशी घेऊन हजर. झाडाला पाणी घालायचं हे निमित्त. कोणी काय बांधलं ते बघायचं होतं. एका घराचा दुसऱ्या घरावर विश्वास उरला नव्हता, त्यामुळे एकही झाड तहानलेलं राहिलं नाही. झाडं जगली. मिशी वाचली, हे तुम्ही बघताच आहात.

पोपटी साडी मात्र कोणी घरी नेली नाही. ती पुढच्या करंजालाच राहिली. पुढे एकदा रोह्यांचा कळप उतरला, त्यानं कुंपणं तुडवून आजूबाजूची झाडं ओरबाडली, पण त्या करंजाच्या पानालाही तोंड लावलं नाही. आज सगळ्यात उंच तोच आहे.

मी मनातून खचलो होतो. म्हटलं, चूक निस्तरू. पुढच्या दिवाळीला यवतमाळला गेलो, अख्खी दुकानं पालथी घातली आणि जीव ओतून एक साडी निवडली. सुनंदानं पुडा उघडला. काठ पाहिला, पदर पाहिला. मग घडी न मोडता माझ्या हातात परत ठेवली.

म्हणाली, "मस्त हाये. थ्या शेवटच्या जांभळीले गुंडाळा, तिले बकऱ्या लय त्रास देऊन राह्यल्या."