टाळ्या तयार ठेवा

गाणं सुरू करायच्या आधी तो शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावायचा आणि म्हणायचा, "मंडळी, आता शिव्या देतो. टाळ्या तयार ठेवा."

आमची उस्मानपुऱ्यातली मंडळी हसायची. गाणं जर्मन भाषेत असायचं. कुणाला काय कळणार?

वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या जर्मन पर्यटकांचा तो गाईड. भाषा शिकला पोटासाठी, पण पुढं त्याच भाषेत गाणी रचायला लागला आणि जुनी पेटी घेऊन एका हॉटेलच्या लॉनवर गायला लागला. मी एकदा गेले होते ऐकायला. दुसऱ्याच गाण्याला एक गोरा म्हातारा लालबुंद होऊन उठून गेला. त्याची बायको मात्र बसून राहिली. कार्यक्रम संपल्यावर ती याच्याशी चांगली अर्धा तास भांडली. परत येताना रिक्षात हा एकदम खुशीत.

"काय म्हणालास रे त्यांना?"

"म्हणलं, लेण्यातल्या दगडाच्या बाईसमोर तुम्ही तासभर उभे राहता, अन् तिथं झाडू मारणाऱ्या बाईला म्हणता बाजूला सरक, फोटोत येती."

"मग चिडणारच की तो."

"चिडला म्हणजे ऐकलं ना, मावशी."

माझी छोटी खानावळ आहे. तो डबा न्यायचा माझ्याकडून. पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा आला तो डब्यासाठी नाही, खोलीसाठी. मुलीचं लग्न झाल्यापासून माझी वरची खोली रिकामीच होती. त्याच्या आईचं डायलिसिस सुरू झालं होतं. आठवड्यातून दोनदा देवगाव रंगारीहून एसटीनं यायचं, सुया टोचून घ्यायच्या आणि पुन्हा एसटीनंच परत जायचं. बाईला बसमध्ये उलट्या व्हायच्या. तो स्वतः इतर पोरांबरोबर एका खोलीत राहायचा; त्याला आईला इथंच आणून ठेवायचं होतं.

आपल्याकडं खोली दाखवायच्या आधी काय विचारतात ते तुम्हालाही माहीत आहे. मीही विचारलं, "आडनाव काय म्हणालास?" त्यानं सांगितलं. मी म्हणाले, "अरे, खोली पुतण्याला सांगितलीय. तो येतोच आहे."

त्यानं एकदा वर जाणाऱ्या जिन्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "डबा तरी मिळन का?"

डबा मी दिला, आणि चांगला दिला. भाकरी एक जास्तच घालायची. त्यावर माझं मन शांत राहायचं.

गणपतीत त्याला कॉलनीनं गायला बोलावलं. त्यानं बटण लावलं, शिव्यांचं सांगितलं आणि एक ठेक्याचं गाणं म्हटलं. लोकांनी ठेका धरला, शाल-श्रीफळ दिलं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "कशावर होतं रे?"

"खोल्यांवर," एवढंच म्हणाला आणि डबा घेऊन गेला.

मग जानेवारीत एकदा त्यानं डबा बंद ठेवायला सांगितला. मी विचारलं, "किती दिवस?" तो म्हणाला, "बघू." पर्यटकांचा सीझन, गेला असेल कुठं पाहुणे घेऊन, असं मला वाटलं.

सव्वीस जानेवारीला कॉलनीत झेंडावंदन झालं आणि तो पेटी घेऊन हजर. तेच ठेक्याचं गाणं, पण या वेळी मराठीत. पहिल्या कडव्यापर्यंत लोक टाळ्या वाजवत होते. गाण्यात एकजण म्हणतो, आमच्यात मटण चालत नाही. एकजण म्हणतो, मी देतो हो, पण शेजारी काय म्हणतील. तिसऱ्या कडव्यात पुतण्या आला. मला पुतण्या नाही. माझ्या नवऱ्याला भाऊच नव्हता, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

टाळ्या कधीच थांबल्या होत्या. त्यानं गाणं शेवटपर्यंत म्हटलं. सेक्रेटरी माईकवर आले. "छान, छान. आता सगळ्यांनी जिलेबी घ्या."

पेटी उचलून तो माझ्यासमोरून चालला होता. थांबला.

"जर्मन लोक उठून तरी जातात, मावशी."

माझ्या हातात प्लेट होती, ती पुढं केली. "जिलेबी घे," म्हणाले. आजही ते दोन शब्द आठवले की स्वतःची चीड येते.

घरी आले, तडक वर गेले, खोली झाडली, फरशी पुसली. संध्याकाळी फोन केला. "खोली रिकामी आहे. आईला घेऊन ये."



"आईला जाऊन पंधरा दिवस झाले, मावशी."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाय. किती दिवस डबा बंद, एवढंच विचारलं."

त्यानं फोन ठेवला. महिन्याभरात तो शहर सोडून गेला. कुणी म्हणतं गोव्याला, कुणी म्हणतं थेट जर्मनीला. हॉटेलवाल्यांनाही पत्ता नाही.

त्या संध्याकाळी फोन करायच्या आधीच मी वर दोन गाद्या घातल्या होत्या. त्याची खिडकीकडं, आणि बाईंना उठून मोरीत जायला जवळ पडावं म्हणून त्यांची दाराशी. उशाला तांब्याही भरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी वर जाऊन मी तो ओतून टाकला आणि गाद्या गुंडाळल्या.